न विचारता मागितलेला भात

सोनकीच्या पायांना वैशाखातले दगड पाठ झाले होते. कुठला दगड सकाळीच तापतो, कुठल्या दगडावर जांभळीची सावली दुपारपर्यंत टिकते, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. कारण तिच्या पायांत चपला नव्हत्या आणि पाणी फार लांब होतं.

ती जांभूळदऱ्यात राहायची. डोंगराच्या उतारावर सांडलेल्या करवंदांसारखी तिथली पंधरा-वीस घरं. ती जन्मली त्या भादव्यात सारा डोंगर सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांनी झाकला होता, म्हणून आईनं तिला त्या फुलाचंच नाव दिलं. धाकट्या बहिणीचं नाव चिंगी. चिंगी पाळण्यात होती तेव्हाच बाबा तापानं गेले. तेव्हापासून घरात तिघीजणी, आणि घराखाली उतारावरचं एक लहानसं शेत.

त्या शेतात आई, म्हणजे ठकूबाई, एक नाही, सात-आठ गोष्टी पेरायची. नाचणीची मिटलेल्या मुठीसारखी कणसं, वरईचे झुलते तुरे, उडदाच्या केसाळ शेंगा, खुरासणीची सोनेरी फुलं, बांधावर लालचुटूक देठांची अंबाडी, तिच्याआड उंच तूर आणि या सगळ्यांच्या पायांत लोळणारे गोल गोल भोपळे. वारा आला की ते शेत रंगीबेरंगी गोधडीसारखं हलायचं. पुढच्या वर्षाचं बी आई लहान लहान मडक्यांत, राख मिसळून ठेवायची. वस्तीतल्या सगळ्याच बाया तसं करायच्या.

शेजारी पारूआत्या एकटीच राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या काठी तिची चिंचोळी पट्टी होती आणि त्या पट्टीत ती तांबडा राळा पिकवायची. मोहरीहून बारीक, कुंकवासारखा लाल दाणा. त्याची ती गुळाची खीर करायची आणि वाटीभर चिंगीला पाठवायची. "माझ्या चिमणीला द्या गं," असं म्हणायची.

सोनकीला मात्र त्या गोधडीसारख्या शेताची लाज वाटायची. तिची शाळा खाली नदीपाशी होती. शाळेच्या खिडकीतून पलीकडची सपाट शेतं दिसायची. एकाच हिरव्या रंगाची, विंचरल्यासारखी. तिकडची मुलं डब्यात पांढराशुभ्र भात आणायची, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. सोनकी आपली काळसर नाचणीची भाकरी ओढणीआड धरून खायची. आणि संध्याकाळी घरी आली की आई कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होताना दिसायची. सोनकीच्या मनात यायचं, तिकडच्या शेतात इतकं वाकावं लागत नसेल.

एका वैशाखी सकाळी ती पाण्याचा हंडा घेऊन चढ चढत होती. वाटेत देवराई लागते. देवराईतलं पान कुणी तोडत नाही, काटकी कुणी उचलत नाही, म्हणून तिथं उन्हाळ्यातही गार वाटतं. तिथला झरा त्या वर्षी आटला होता. आटलेल्या झऱ्यातल्या वाळक्या पानांवर सोनकीला काहीतरी चमकताना दिसलं.

तिला वाटलं, चतुर असेल. ती जवळ गेली. तो चतुर नव्हता. करंगळीएवढी एक बाई होती. तिचे पंख कांद्याच्या पातीसारखे हिरवे होते, पण कडेनं सुकून वळले होते. पायांतले दवाचे पैंजण वाळून त्यांचे नुसते पांढरे ठिपके उरले होते.

"पाणी," ती म्हणाली. आवाज पान घासल्याइतकाच.

सोनकीनं हंडा खाली ठेवला आणि ओंजळीनं पाणी सोडलं. थेंब पंखांवर पडला आणि नाहीसा झाला. दुसरा थेंब नाहीसा झाला. ती इवलीशी बाई पाणी पीतच राहिली आणि सोनकी देतच राहिली. शेवटी हंड्याचा तळ दिसला. पुन्हा सगळा डोंगर उतरावा लागणार हे तिला कळत होतं, पण तिनं हंडा आडवा करून शेवटचं पाणीही ओतलं.

मग पंख उघडले. देवराईभर हिरवा, निळा, चंदेरी उजेड सांडला. दवाचे पैंजण रुणझुणले. परी हवेत उभी राहिली, सोनकीच्या नाकासमोर.

"मी या झऱ्याची परी," ती म्हणाली. "तू तुझ्या घरचं पाणी मला दिलंस. आता तू तीन गोष्टी माग. पण आधी नियम ऐकून घे."

सोनकी पाण्याच्या रिकाम्या हंड्यावर बसली.

"मागितलेलं परत करता येत नाही. नवं जितकं येईल, तितकं जुनं जागा सोडून जाईल. आणि मागण्याआधी तुला एका माणसाला विचारता येईल. एकालाच. विचारलंच पाहिजे असं नाही. पण विचारता येईल."

सोनकीनं विचार केला. आईला विचारावं का? पण आईला विचारलं तर आईला आधीच कळणार. आणि सोनकीला आईचा चेहरा बघायचा होता, अचानक सगळं मिळाल्यावर उजळलेला. आपल्या एकटीसाठी मागावं असं तिच्या मनातही आलं नाही. ती म्हणाली, "आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायांच्या मडक्यांत भाताचं बी येऊ दे. चांगलं, पांढऱ्या भाताचं. सगळ्या शेतांत तोच एक भात पिकू दे."

परीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हात उघडला. चांदीची धूळ उडावी तसा उजेड उतारावरून घरांकडे गेला.

सोनकी पुन्हा पाणी भरून घरी पोचली तेव्हा आई अंगणात बसली होती. तिच्यासमोर सगळी मडकी उघडी होती. नाचणीचं, वरईचं, उडदाचं, तुरीचं, सगळ्या मडक्यांत भरीव, चमकदार भात होता. आई एकेका मडक्यात हात घालून बघत होती. तिचा चेहरा उजळला नव्हता.

"असं कसं झालं गं?" ती स्वतःशीच म्हणाली. "माझ्या आईचं बी होतं ते. तिला तिच्या आईनं दिलेलं."

सोनकी सांगणारच होती. पण शेजारच्या घरातून बायजामावशी ओरडत आली की तिच्याकडेही भातच भात झालाय, मागून आणखी दोघी आल्या, आणि सोनकी गप्प राहिली. त्या गर्दीत पारूआत्याही होती. तिच्या हातात राळ्याचं मडकं होतं. त्यात भात होता.

जे हाती होतं ते बायांनी पेरलं. त्या वर्षी पाऊसही सांगितल्यासारखा आला, थोडा थोडा, वेळेवर. सगळा उतार एकाच रंगाचा हिरवा झाला, मग एकाच रंगाचा सोनेरी. बांधावर लावायला तूर-अंबाडीचं बी उरलंच नव्हतं. भाताला जागा हवी म्हणून बायांनी बांध खणून काढले. कणग्या भरल्या. तिन्ही वेळा भात शिजू लागला. सोनकीनं डब्यात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा भात नेला आणि ओढणी बाजूला करून खाल्ला. तिला वाटलं, आपण केलं ते चांगलंच केलं.

थंडीत चिंगी चिडचिडी झाली. आधी अंगणभर नाचायची, ती आता उंबऱ्यावर बसून राहायची. सांज झाली की चालताना ठेचकाळायची, आईचा हात चाचपत यायची. अंगणवाडीच्या ताईंनी तिला काट्यावर बसवलं, पापणी खाली ओढून आत पाहिलं आणि विचारलं, "ठकूबाई, हिला काय खायला देता?"

"भात. मीठ-भात, कधी पेज."

"पोट भरतं, पण अंगाला लागत नाही. नाचणी, डाळ, पालेभाजी, भोपळा द्या हिला. मागच्या वर्षी ही पोर बरी होती की."

"मागच्या वर्षी शेतात होतं सगळं," आई म्हणाली.

सोनकी दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या दिवशी तिनं आईला सांगायला हवं होतं. तिला ते पुढे मोठेपणीही वाटत राहिलं. पण तिनं चिंगीला कडेवर घेतलं आणि रानात नेऊन बोरं खाऊ घातली, एवढंच केलं.

पुढच्या वर्षी पावसाला शिस्त राहिली नाही. मृगात सहा दिवस धो धो कोसळला आणि नाहीसा झाला. आषाढ कोरडा गेला. श्रावणात ऊन पडलं, ते जाईना. भाताची पानं आधी गुंडाळली, मग पिवळी पडली. पारूआत्या ओढ्यातून घागरी भरून आपल्या पट्टीला घालायची. आई शेताच्या कडेला उभी राहून म्हणाली, "नाचणी असती तर मान टाकून का होईना, उभी राहिली असती. वरई तर आत्तापर्यंत हातात आली असती."

हे ऐकल्यावर सोनकी देवराईकडे धावली. आई खालच्या अंगाला होती. तिला विचारायला जायचं तर फार वेळ लागला नसता. पण विचारायचं म्हणजे आधीचं सगळं सांगायचं, आणि तेवढा धीर सोनकीला नव्हता.

परी एका नेच्याच्या पानावर बसली होती. पंखांतून कोवळ्या पोपटी उजेडाच्या चांदण्या गळत होत्या.

"पाऊस दे," सोनकी म्हणाली. "आज. खूप."

परीनं विचारलं नाही की कुणाला विचारलंस. तिनं हात उघडला.

दुपारी आभाळ जांभळासारखं काळंनिळं झालं आणि पाऊस आला. तो पडला नाही, ओतला. सगळ्या बाया अंगणात येऊन हसत भिजल्या. अर्ध्या तासात त्यांचं हसू थांबलं. उतारावर पाणी थांबवायला काहीच नव्हतं. बांध नव्हते, तुरीची खोल मुळं नव्हती, माती झाकणारे भोपळ्याचे वेल नव्हते. पाणी तांबडं होऊन धावत सुटलं आणि आपल्याबरोबर माती घेऊन गेलं. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा शेतांत दगड वर आले होते. ओढ्याकाठची पारूआत्याची पट्टी तर जागेवर नव्हतीच. तिथून ओढा वाहत होता.

दोन दिवसांनी पारूआत्या निघाली. तिचा भाचा तीन डोंगर पलीकडच्या गावात राहायचा, तिकडे. डोक्यावर एक बोचकं, हातात काठी. ती चिंगीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "येते गं चिमणे." सोनकीकडे बघूनही ती तसंच हसली. सोनकीला ते हसणं सहन झालं नाही. ती घरामागे जाऊन बसली. वाटेच्या वळणावर पारूआत्याचं हिरवं लुगडं दिसेनासं झालं तरी ती तिथंच होती.

आईनं तिला शोधून काढलं. "काय झालं?"

"मी केलं," सोनकी म्हणाली. आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. हंडा, परी, नियम, भात, पाऊस. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की आईला खाली वाकावं लागलं.

आईच्या हातांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. तो ती नखानं काढत राहिली.

"मला विचारायचं होतंस गं," ती शेवटी म्हणाली.

"तुला आनंद होईल असं वाटलं."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला रागावता येत नाहीये मला."

आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं सोनकीला वाटलं.

"एक मागणं उरलंय," ती म्हणाली. "या वेळी तुला विचारते. काय मागू?"

आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं. "तू मला विचार. पण शेत काही माझ्या एकटीचंच गेलं नाही. मी बाकीच्यांना विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या सगळ्या बाया मोठ्या काळ्या कातळावर जमल्या. आईनं सोनकीला मधे उभं केलं आणि सांगायला लावलं. सोनकीनं काही लपवलं नाही. ऐकून कुणी तोंडाला पदर लावला, कुणी खाली बघितलं. बायजामावशी उठली आणि कातळाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभी राहिली. तिच्या घरी रांगणारा नातू होता आणि कणगीत चार दिवसांचं धान्य होतं.

"पुन्हा भात नको," एकजण म्हणाली.

"पाऊस तर मुळीच नको."

"मग आपलं बी परत मागा."

"परत मिळत नाही," सोनकी म्हणाली. "तसा नियम आहे."

कातळाखालून नुसता ओढ्याचा आवाज येत होता. मग बायजामावशी वळली. परत येऊन आपल्या जागी बसली, सोनकीकडे न बघता. म्हणाली, "माझी सगुणा सासरी गेली तेव्हा तिच्या ओटीत मी नाचणी बांधून दिली होती. आपल्या मडक्यातली. ती पेरते अजून तिकडं."

आणि मग एकीला आठवलं की तिच्या लेकीनं वरई नेली होती. दुसरीच्या लेकीनं घेवडा आणि काळे उडीद. तिसरीच्या लेकीनं भोपळ्याच्या बिया. ठकूबाईच्या धाकट्या बहिणीनं तूर आणि अंबाडी. जांभूळदऱ्यातून गेलेल्या लेकी डोंगरोडोंगरी होत्या आणि प्रत्येकीच्या ओटीत इथलं थोडं थोडं काही गेलं होतं.

सोनकी देवराईत गेली. या वेळी आई तिच्याबरोबर होती, देवराईच्या कडेला थांबली.

"विचारलंस?" परी म्हणाली.

"विचारलं. आम्हाला बी नको, धान्य नको. आमच्या लेकी लांब लांब आहेत. त्यांना निरोप सांग की आईच्या घरचं बी गेलंय. येताना मूठभर घेऊन या." मग ती घाबरत म्हणाली, "आता यानं कुणाचं काय जाईल?"

परी पहिल्यांदाच हसली. "ते बी नवं कुठंय? तुमचंच आहे. त्यानं कुणाचं काही जाणार नाही."

तिनं पंख झटकले, आणि त्यांतून इवलीइवलीशी पिवळी फुलपाखरं उडाली. दहा, वीस, तीस. ती डोंगरावरून वेगवेगळ्या दिशांना गेली. कुणा लेकीच्या जात्याच्या खुंटीवर एक बसलं, कुणाच्या पदरावर, कुणाच्या भाकरीच्या परातीवर. आणि ज्या ज्या घरी ते बसलं, तिथल्या लेकीला एकाएकी आईची आठवण आली.

तिसऱ्या दिवसापासून लेकी येऊ लागल्या. निळी, जांभळी, डाळिंबी लुगडी वळणावळणानं चढताना दिसत. कुणाच्या पदराच्या गाठीत बी होतं, कुणाच्या डब्यात, एकीनं तर भोपळ्याच्या बिया मुलाच्या टोपीत आणल्या होत्या. सगुणाताईनं नाचणीचं गाठोडं बायजामावशीच्या पुढ्यात सोडलं. दाणे काळसर, तांबूस, चमचमते. मावशीनं ते मुठीत घेतले आणि नाकाशी धरून वास घेतला.

सगुणाताई तिच्या सासरच्या गावात बायांच्या शेतीशाळेत जायची. ती म्हणाली, "नुसतं बी पेरून भागणार नाही. पाऊस आता असाच येणार, एकदम येणार आणि एकदम जाणार. माती धरून ठेवायला हवी."

मग उताराला आडवे दगडी बांध घातले गेले. बांधांच्या वरच्या अंगाला चर खणले, पाणी थांबून जिरावं म्हणून. सोनकी रोज शाळेआधी वीस दगड वाहायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं. घरामागे सांडपाण्यावर गोल वाफे केले, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे, एका पाकळीत माठ, एका पाकळीत चाकवत, एकीत मुळा, मधोमध शेवग्याचं रोप. वाफ्यांवर वाळका पाला पसरला की ऊन मातीला लागत नसे. पंधरा दिवसांत माठाची कोवळी जांभळी पानं आली. पहिली जुडी आईनं चिंगीसाठी शिजवली.

तो हिवाळा सोपा नव्हता. लेकींनी आणलेलं थोडं धान्य आणि अंगणवाडीतला खाऊ यांवर दिवस काढावे लागले. पण पुढच्या पावसात आडव्या ओळींनी नाचणी लागली. तिच्या सोबतीला उडीद आणि वरई, बांधावर तूर. श्रावणात याही वर्षी पंचवीस दिवस पाऊस गेला. नाचणीनं मान टाकली. बाया रोज बांधावर येऊन बघायच्या. सव्विसाव्या दिवशी सरी आल्या आणि नाचणी पुन्हा ताठ झाली, गडद हिरवी, दवानं लखलखणारी. काही शेंगा वाया गेल्या. सगळं गेलं नाही.

चिंगी अंगणात पुन्हा नाचू लागली. अंगणवाडीच्या ताई काट्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरी आहे पोर."

सुगी झाल्यावर सोनकी आईबरोबर तीन डोंगर पलीकडे गेली. पारूआत्या भाच्याच्या ओसरीत शेंगा सोलत होती. ती वाळली होती. सोनकीनं नाचणी आणि भोपळा तिच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, भाताचं आणि पावसाचं.

पारूआत्याचे हात थांबले. "ती पट्टी माझ्या सासऱ्यानं दगड वेचून वेचून केली होती," ती म्हणाली. "आम्ही नवराबायकोनं तीन पावसाळे त्यात माती वाहिली होती."

सोनकी रडायला लागली.

"वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी पट्टी काढून ठेवलीय, पारूबाई," आई म्हणाली. "चल घरी."

"आता माझे गुडघे तो चढ चढायचे नाहीत, ठकू."

"आत्या, राळ्याचं बी कुणाकडे असेल?" सोनकीनं विचारलं. "आम्ही सगळ्या लेकींना विचारलं. कुणाकडेच नाही. मी लांबून आणीन, कुठूनही."

"मला लेक कुठं होती गं, ओटीत बांधून द्यायला," पारूआत्या म्हणाली. मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बस. ऊन खूप आहे. जेवून जा."

तिनं सोनकीला आपल्या शेजारी बसवून वाढलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही. पण त्यानंतर दर महिन्याला सोनकी तिच्याकडे जायची, आणि पारूआत्या तिची वाट बघायची.

त्या वर्षी बायांनी ठरवलं की सगळ्यांच्या बियाण्यातली एकेक ओंजळ एका ठिकाणी ठेवायची, म्हणजे कुणाचं गेलं तरी सगळ्यांचं जाणार नाही. कुणाच्या घरी ठेवायचं यावर थोडी बोलाचाली झाली. बायजामावशी म्हणाली, "ठकूच्या घरी ठेवा. सोनकी सांभाळेल. तिच्याइतकं जपणारं दुसरं कोण आहे आता?" सोनकीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात ती देवराईत गेली. परी झऱ्याच्या काठी एका गुळगुळीत दगडावर बसली होती. तिच्या पंखांतून मोरपिशी, केशरी, दुधाळ रंग झुळझुळत होते आणि पलीकडचं झाड तिच्या अंगातून दिसत होतं.

"मी आज जाते," ती म्हणाली. "तुझ्या मागण्या कधीच संपल्या. सुगी बघायला थांबले होते."

"मी पहिल्याच वेळी आईला विचारलं असतं, तर पारूआत्या अजून इथं असती ना?"

परी खोटं बोलली नाही. "हो," ती म्हणाली. "असती. आणि मीही तुला थांबवू शकले असते. तू लहान होतीस. 'जा, विचारून ये' एवढं म्हणायला मला काय झालं होतं? माझ्याही मनाला ते लागून राहिलंय."

दोघी शेजारी शेजारी बसल्या, एक करंगळीएवढी आणि एक अकरा वर्षांची.

"तू चुकलीस आणि सांगितलंस," परी म्हणाली. "लोक मागतात आणि विसरून जातात. तू दगड वाहिलेस. तीन डोंगर चालत गेलीस. म्हणून हे देते. हे मागणं नाही, त्याला नियम नाहीत. हात पुढे कर."

सोनकीनं दोन्ही तळवे पुढे केले. दगड वाहून त्यांना घट्टे पडले होते. परीनं त्यांवर हळूच फुंकर घातली. कोवळ्या उन्हात धरल्यासारखे हात उबदार झाले.

"तुझ्या हाताला गुण येईल. तू पेरशील ते उगवेल. किती पिकेल ते मात्र पावसावर आणि तुमच्या कष्टांवर."

"आणि तू परत येशील?"

"नाही, सोनकी."

परीचे पंख उघडले. आधी हिरवा उजेड, मग सोनेरी, मग इतका पांढरा की सोनकीला डोळे बारीक करावे लागले. तो उजेड पानापानांतून वर चढला, झाडांच्या शेंड्यांवर क्षणभर थरथरला आणि सकाळच्या उन्हात विरघळून गेला. दगडावर दवाचा एकच थेंब उरला होता. सोनकी बघत होती तोवर तोही सुकला.

ती बराच वेळ तिथं बसली. मग खालून आईची हाक आली. जमिनीला वाफसा आला होता, हरभरा पेरण्याजोगी ओल होती, बाया खोळंबल्या होत्या. सोनकीनं डोळे पुसले, दोन्ही हात एकदा उलटसुलट करून पाहिले आणि उतारावरून शेताकडे निघाली.